उत्तेजक द्रव्य चाचणीची विश्वासार्हता आणि न्याय्यता : फ्लॉइड लँडिस प्रकरणाच्या विशेष संदर्भात

व्यावसायिक सायकल शर्यतींतील उत्तेजक सेवनाचा विचार बहुधा नैतिक अंगानेच केला जातो. खेळाडूने फसवणूक केली की नाही, एवढेच विचारले जाते. ज्या चाचणीच्या आधारे त्याला दोषी ठरविले जाते ती चाचणी स्वतः कितपत तपासली गेली आहे, हा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत लेखात अमेरिकन सायकलपटू फ्लॉइड लँडिस याच्या प्रकरणाच्या आधारे या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

२००६ च्या टूर द फ्रान्समध्ये सोळाव्या टप्प्यात लँडिस पार कोलमडला. दुसऱ्या दिवशी, २० जुलै रोजी, मोर्झीन येथे संपलेला सतरावा टप्पा मात्र त्याने एकट्याने मुसंडी मारून जिंकला आणि पुढे शर्यतही जिंकली. त्या दिवशीच्या मूत्रनमुन्यात टेस्टोस्टेरॉन व एपिटेस्टोस्टेरॉन यांचे गुणोत्तर ११:१ आढळले. अनुज्ञेय मर्यादा ४:१ होती. वृत्तपत्रांनी हाच आकडा उचलून धरला. वस्तुतः हे गुणोत्तर केवळ संशयाला जागा देते. टेस्टोस्टेरॉन शरीरातील की बाहेरून आलेले, याचा निर्णय कार्बन समस्थानिकांच्या चाचणीने करावा लागतो; कारण वनस्पतिजन्य द्रव्यापासून बनविलेल्या कृत्रिम टेस्टोस्टेरॉनमध्ये कार्बन-१३ चे प्रमाण कमी असते.

सप्टेंबर २००७ मध्ये अमेरिकन लवाद मंडळाने दोन विरुद्ध एक मतांनी दिलेला निकाल या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखा आहे. पॅरिसजवळील शातने-मालाब्री येथील प्रयोगशाळेने गुणोत्तराची चाचणी नियमानुसार केली नव्हती, असे मंडळाने मान्य केले व तो निष्कर्ष बाजूला ठेवला. म्हणजे ज्या ११:१ या आकड्याने लँडिस जगभर बदनाम झाला तो आकडा लवादापुढे टिकला नाही! समस्थानिक चाचणी मात्र ग्राह्य धरून त्याला दोषी ठरविण्यात आले. अशी ढिलाई चालू राहिल्यास भविष्यात एखादे प्रकरण फेटाळले जाऊ शकेल, अशी समजही मंडळाने दिली. जून २००८ मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने बंदी कायम केली.

त्याच वर्षी संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड बेरी यांनी ‘नेचर’ नियतकालिकात मूलभूत आक्षेप घेतला. निर्दोष व्यक्तीचा नमुना चुकून सदोष ठरण्याचे प्रमाण किती, हे ठरविणारी पुरेशी पडताळणी झालेली नसताना निष्कर्षाला पुरावा कसे म्हणावे, असा त्यांचा प्रश्न होता. त्यातील गणित साधे आहे. चाचणी ९५ टक्के वेळा निर्दोषाला निर्दोष ठरवीत असली तरी एकाच खेळाडूचे ८ नमुने तपासल्यास त्यांपैकी किमान एक चुकून सदोष निघण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के होते.

यावर सहज उत्तर दिले जाते की, मे २०१० मध्ये लँडिसने उत्तेजक सेवनाची कबुली दिलीच. परंतु २००६ च्या त्या शर्यतीत टेस्टोस्टेरॉन घेतल्याचे त्याने तेव्हाही नाकारले. शिवाय कबुलीमुळे प्रयोगशाळेची चूक मागे जाऊन दुरुस्त होत नाही. खेळाडू दोषी असणे आणि चाचणी सदोष असणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. उलट बाजूने, लान्स आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेतली गेली ती प्रामुख्याने सहकाऱ्यांच्या साक्षींमुळे. चाचण्यांची जाळी त्याने वर्षानुवर्षे पार केली होती.

न्याय्यतेचा प्रश्न अल्बर्तो काँतादोरच्या बाबतीत अधिक टोकदार होतो. २०१० मध्ये त्याच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल आढळले ते प्रति मिलिलिटर ५० पिकोग्रॅम. दूषित पूरक आहार हेच कारण अधिक संभवनीय, असे २०१२ मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने म्हटले आणि तरीही दोन वर्षांची बंदी घातली. कारण या द्रव्याला किमान मर्यादाच नव्हती. पुढे दूषित मांसाचा विचार करून ५ नॅनोग्रॅमपर्यंतच्या, म्हणजे त्याच्या शंभरपट प्रमाणाचीही आधी चौकशी करण्याची मुभा जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने दिली.

लँडिसच्या सुनावणीच्या वेळी खेळाडूने प्रयोगशाळेचा नियमभंग दाखवून दिला, की त्यामुळे निष्कर्ष बिघडला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्या संस्थेवर येत असे. २००९ च्या संहितेत हे बदलले. त्या नियमभंगामुळेच निष्कर्ष सदोष आला असणे संभवनीय आहे, हेही आता खेळाडूनेच आधी दाखवावयाचे असते. आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रे असतात त्याच प्रयोगशाळेच्या कपाटात.