चित्र लेझरच्या आधी ठरते

मास स्पेक्ट्रोमेट्रीने काढलेली ऊतकांची रंगीत चित्रे शोधनिबंधांत मानाने छापली जातात. मी प्रयोगशाळेबाहेरचा वाचक; चित्रापेक्षा आधी ‘पद्धती’ हा भाग उघडतो. माझी तक्रारही तिथेच आहे.

मेंदूचा किंवा गाठीचा सुमारे १० मायक्रॉन जाडीचा गोठवलेला काप घ्यायचा, त्यावर लेझर शोषणाऱ्या पदार्थाचा, म्हणजे मॅट्रिक्सचा, थर द्यायचा आणि ठिपक्याठिपक्याने रेणू उडवून त्यांचे वस्तुमान मोजायचे. कोणता रेणू कुठे, याचा नकाशा तयार होतो. १९९७ साली रिचर्ड कॅप्रिओली व सहकाऱ्यांनी ही वाट दाखवली. पुढे चढाओढ लागली ती लेझरचा ठिपका लहान करण्याची.

ठिपका कितीही बारीक असो, रेणूच आधी जागचा हलला असेल तर? फवारा ओला असला की रेणू कापातून बाहेर येऊन मॅट्रिक्सच्या स्फटिकांत बसतात, संकेत जोरकस मिळतो. पण तेच रेणू शेजारी ओघळतात. फवारा कोरडा ठेवला तर जागा टिकते, संकेत मरतो. २००७ मध्ये हॅन्किन, बार्कली आणि मर्फी यांनी द्रावण टाळून, निर्वातात संप्लवनाने मॅट्रिक्स बसवले. मेदरेणूंसाठी ही युक्ती सुरेख. प्रथिनांना मात्र ओलावा लागतोच, म्हणून नंतर थराला दमटपणा देणे आले, म्हणजे जुनी अडचण मागच्या दाराने परत.

प्रथिने बघायची तर काप अल्कोहोलने धुतात. क्षार आणि मेद जातात. रुग्णालयांच्या साठ्यातले फॉर्मलिन-मेणाचे ठोकळे वापरायचे, तर मेण काढणारे झायलीन बरेचसे मेदही नेते आणि फॉर्मलिनने एकमेकांत अडकलेली प्रथिने कापावरच ट्रिप्सिनने तोडावी लागतात, तेही तासन्‌तास ओलाव्यात. तेव्हा ‘ऊतकाचा संपूर्ण रेणुनकाशा’ हे शब्द मला फसवे वाटतात. प्रत्येक तयारी काही दाखवते, काही पुसते.

कर्करोगाच्या गाठीची कड कुठे संपते, हे या चित्रांवरून सांगायचे मनसुबे आहेत. तिथे थोड्या मायक्रॉनांचा ओघळही कमी नाही. म्हणून निबंधात फवाऱ्याचा वेग, फेऱ्या, सुकण्याचा वेळ हवा. आणि कापाभोवतीची रिकामी काचही दाखवावी: रेणू ओघळला असेल तर तो तिथे दिसतो. चित्र कडेवर छाटून छापले की हा पुरावा नेमका हातचा जातो.