छातीवरील किरणोपचार आणि हृदय-फुप्फुसांची हानी : काही प्रमुख अभ्यासांचे चिकित्सक परीक्षण

प्रस्तावना :

स्तनाचा कर्करोग, फुप्फुसाचा कर्करोग आणि हॉजकिन लिम्फोमा या व्याधींमध्ये छातीवर दिल्या जाणाऱ्या किरणोपचाराने असंख्य रुग्णांचे आयुष्य वाढले, ही बाब वादातीत आहे. मात्र हे किरण गाठीपर्यंत पोहोचताना त्यांच्या वाटेत फुप्फुसे येतात, हृदयही येते. या अवयवांची हानी कशी होते याची केवळ माहिती देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ती हानी ज्या अभ्यासांतून आपणास ज्ञात झाली, त्या अभ्यासांनी नेमके काय मोजले आणि किती काळ मोजले, याची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे. प्रस्तुत लेखिका वैद्यक शाखेची नसून पदार्थविज्ञानाची अध्यापिका आहे, त्यामुळे मोजमापाच्या प्रश्नापुरतीच ही चर्चा मर्यादित ठेवली आहे.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक वाटतो. निदानासाठी काढलेल्या छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये शरीरास मिळणारी मात्रा सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट असते. उपचारात लक्ष्यभागी दिली जाणारी मात्रा साधारणतः ४० ते ६० ग्रे असते. एककांतील सूक्ष्म भेद बाजूस ठेवला, तरी हे अंतर लाखो पटींचे आहे. या लेखात विचार केला आहे तो दुसऱ्या प्रकारच्या मात्रेचा.

फुप्फुस : लवकर दिसणारी हानी

फुप्फुसातील वायुकोश उघडे ठेवणारा स्निग्ध द्राव तयार करणाऱ्या पेशी आणि केशवाहिन्यांचे अस्तर, या दोहोंना किरणांची झळ प्रथम बसते. उपचारानंतर एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, धाप व बारीक ताप अशी लक्षणे उद्भवतात. हा किरणजन्य फुप्फुसदाह होय. जंतुसंसर्ग समजून त्यावर भलतेच उपचार होण्याचा संभव असतो. पुढे दुरुस्तीची प्रक्रियाच मर्यादा सोडते, कोलॅजेनचे तंतू साचत जातात आणि सहा महिने ते दोन वर्षांच्या काळात तो भाग कडक व आक्रसलेला होतो.

ही हानी काही महिन्यांतच दिसत असल्याने तिची गणना तुलनेने लवकर झाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्वांटेक’ या आढाव्याने असे सुचविले की, दाहाचा धोका २० टक्क्यांच्या आत ठेवावयाचा असल्यास, २० ग्रे किंवा त्याहून अधिक मात्रा मिळणारा फुप्फुसाचा भाग ३० ते ३५ टक्क्यांहून अधिक असू नये. व्यवहारात हा आकडा ‘सुरक्षित मर्यादा’ म्हणून वावरतो. मूळ विधानात मात्र सुरक्षितता नाही, तडजोड आहे. पाचांपैकी एका रुग्णाला होणारा दाह तेथे स्वीकारार्ह मानला गेला आहे. मर्यादेचा आकडा उचलायचा आणि तिच्यासोबतची अट गाळायची, ही सवय आपल्या पाठ्यपुस्तकांतही आढळते.

हृदय : उशिरा मोजलेली हानी

हृदयाच्या बाबतीत इतिहास निराळा आहे. हृदयस्नायूच्या पेशी सहसा विभाजित होत नाहीत, म्हणून किरणांचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नसावा, हे गृहीतक दीर्घकाळ प्रचलित होते. स्टॅनफर्ड येथे फहार्डो आणि स्ट्युअर्ट यांनी सशांवर केलेल्या प्रयोगांनी त्यास छेद दिला. इजा मुख्यतः स्नायूपेशीला होत नसून तिला रक्त पुरविणाऱ्या केशवाहिन्यांना होते, हे त्यातून दिसले. हृदयावरणाचा दाह, करोनरी धमन्यांचे अरुंदीकरण, झडपांचे जाड होणे, हे सर्व परिणाम आज मान्य आहेत. परंतु त्यांपैकी बरेचसे वर्षांनी, कधी दशकांनी प्रकट होतात. १९८७ साली क्युझिक व सहकाऱ्यांनी जुन्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा दहा वर्षांहून अधिक जगलेल्या स्त्रियांमध्ये किरणोपचार घेतलेल्या गटात मृत्यू अधिक आढळले. पाच वर्षांवर थांबलेल्या अभ्यासाला हे दिसणे शक्यच नव्हते.

या विषयात सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास सारा डार्बी व सहकाऱ्यांचा (२०१३) आहे. स्वीडन व डेन्मार्कमध्ये १९५८ ते २००१ या काळात स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या २१६८ स्त्रियांची माहिती त्यात तपासली गेली. हृदयास मिळालेल्या सरासरी मात्रेत दर एक ग्रेमागे गंभीर करोनरी घटनांचे प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढते, त्यास खालची सुरक्षित मर्यादा दिसत नाही, आणि ही वाढ पहिल्या पाच वर्षांतच सुरू होऊन तिसऱ्या दशकातही टिकते, असे त्याचे निष्कर्ष आहेत. अभ्यास मोलाचा आहे, यात शंका नाही. तथापि ७.४ हा आकडा एखाद्या भौतिक स्थिरांकासारखा वापरला जातो, हे खटकते. त्याची विश्वासार्हता-मर्यादा २.९ ते १४.५ इतकी रुंद आहे. शिवाय या स्त्रियांचे सीटी स्कॅन उपलब्ध नसल्याने, सर्वसाधारण शरीररचनेच्या एका स्त्रीच्या स्कॅनवर उपचाराची पुनर्रचना करून मात्रा अंदाजली गेली. हृदयाच्या पुढील भागातील डाव्या धमनीला मिळालेल्या मात्रेपेक्षा संपूर्ण हृदयाची सरासरी मात्रा धोक्याचे अधिक चांगले निदर्शक ठरली, या निरीक्षणाकडेही याच प्रकाशात पाहावे लागेल. काही मिलिमीटर जाडीच्या धमनीचे स्थान व्यक्तिपरत्वे बदलते, तेव्हा उसन्या शरीरावर तिची मात्रा कितपत अचूक येणार?

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. फुप्फुसाच्या तिसऱ्या टप्प्यातील कर्करोगात ६० ऐवजी ७४ ग्रे दिल्यास रुग्ण अधिक जगतील, या अपेक्षेने अमेरिका व कॅनडात ‘आरटीओजी ०६१७’ ही चाचणी झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निकाल उलटा निघाला. ६० ग्रेच्या गटात मध्यांक आयुर्मान २८.७ महिने, तर ७४ ग्रेच्या गटात २०.३ महिने आढळले. हृदयास मिळालेली मात्रा आणि कमी आयुर्मान यांचा संबंधही दिसून आला. मात्र उपचाराशी थेट जोडले गेलेले मृत्यू अनुक्रमे तीन व आठच होते. म्हणजे उरलेला फरक कोणत्या कारणाखाली नोंदला गेला? कर्करुग्ण दगावला की कारणाच्या रकान्यात कर्करोग लिहिणे सोपे असते. हृदयाचा वाटा येथे अनुमानाने आला आहे, नोंदीने नाही. हृदय दोन वर्षांतही दगा देऊ शकते, ही शक्यता या चाचणीने पुढे आणली, हे मात्र तिचे श्रेय.

आपल्या संदर्भात :

सापेक्ष वाढीचा अर्थ मूळ धोक्यावर अवलंबून असतो. २०१७ सालच्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार, आधुनिक स्तन-किरणोपचारामुळे फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूचा वाढीव धोका दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्या स्त्रीला सुमारे ४ टक्के, तर न करणारीला ०.३ टक्के आहे. किरण तेच, परिणाम दहापटींहून निराळा. ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई व्यक्तींना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतर देशांत सुमारे ५९ व्या वर्षी आल्याचे दिसले. मधुमेहाचा प्रसार वेगळा सांगावयास नको. असे असता स्वीडन-डेन्मार्कचा आकडा आपल्या रुग्णांना जसाच्या तसा लावणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतो. दीर्घ श्वास रोखून धरताना किरण देणे, जेणेकरून हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकते, ही पद्धत तुलनेने साधी असूनही सर्व रुग्णांपर्यंत पोहोचलेली नाही.

प्रस्तुत लेखिकेच्या आत्याला १९९८ साली डाव्या स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार मिळाले. त्यामुळेच ती पुढे वीस वर्षांहून अधिक जगली, असे घरात सारे मानतात आणि ते बहुधा खरेही आहे. २०१९ साली तिच्या करोनरी धमन्यांत अडथळे निघाले. तिला मधुमेहही होता. सबब दोष किरणांचाच, असे म्हणता येत नाही. हृदयरोगतज्ज्ञांनी विचारले, छातीवर किरण दिले होते का, आणि हृदयाला किती पोहोचले? जपून ठेवलेल्या जुन्या केसपेपरवर एवढीच नोंद होती : ५० ग्रे, २५ बैठका, डावी बाजू. हृदयाच्या मात्रेचा रकाना त्या कागदावर नव्हताच.