तुलनेचे चिन्ह आणि पूर्णांकाची छाट : सी भाषेतील एका रूढीचे परीक्षण

दोन वस्तूंची तुलना करणाऱ्या फलनाकडून सी भाषेची अपेक्षा फार थोडी असते. पहिली वस्तू लहान असल्यास ऋण, दोन्ही समान असल्यास शून्य आणि पहिली मोठी असल्यास धन पूर्णांक परत द्यावा, एवढाच हा करार आहे. भाषेच्या १९८९ च्या प्रमाणसंहितेने मेमकंप, स्ट्रकंप आणि क्यूसॉर्ट यांच्या संदर्भात तोच शब्दबद्ध केला. या करारात अर्थ आहे तो केवळ चिन्हाला, मूल्याला नाही. परंतु उत्तरे तीनच असताना त्यांच्या वहनासाठी नेमलेला प्रकार मात्र इंट, म्हणजे आजच्या बहुतेक यंत्रांवर ३२ बिटांचा पूर्णांक होय. अर्थ तीन आणि मूल्ये ४,२९,४९,६७,२९६, असा हा विषम व्यवहार आहे. या विषमतेतून उद्भवणाऱ्या दोषांची संभावना 'प्रोग्राम लिहिणाराचा निष्काळजीपणा' एवढ्या शब्दांनी करणे न्याय्य नाही.

तुलनेसाठी वजाबाकी करण्याची रूढी जुनी आहे आणि तिचे कूळही प्रतिष्ठित आहे. कर्निघन व रिची यांच्या १९७८ च्या ग्रंथातील स्ट्रकंप पहिल्या भिन्न अक्षरांची वजाबाकीच परत देते. तेथे ती निर्दोष आहे. कारण दोन बाइटांतील अंतर −२५५ ते २५५ यांच्या बाहेर जात नाही आणि ते इंटमध्ये सहज मावते. दोष निर्माण होतो तो ही युक्ती आपल्या मूळ स्थानावरून उचलून अन्यत्र नेली जाते तेव्हा. युक्ती नेली जाते, पण ती ज्या अटीवर उभी होती ती अट मागेच राहते.

या स्थलांतराचे तीन प्रकार संभवतात. पहिल्यात वजाबाकीच मर्यादा ओलांडते. क = २०० कोटी, ख = ० आणि ग = −२०० कोटी असे तीन इंट घेतले, तर क हा ख पेक्षा मोठा आणि ख हा ग पेक्षा मोठा ठरतो; पण क − ग हे अंतर ४०० कोटी होते आणि इंटची धन मर्यादा २१४ कोटींच्या किंचितच वर आहे. प्रमाणसंहितेनुसार अशा वजाबाकीचे फळ अनिश्चित असते. व्यवहारात बहुधा −२९,४९,६७,२९६ हे उत्तर येते आणि सर्वांत मोठी संख्या सर्वांत लहान ठरते. दुसऱ्या प्रकारात वजाबाकी बरोबर असते, पण ६४ बिटांचे अंतर परत देताना त्याचे वरचे ३२ बिट छाटले जातात. अंतर नेमके ४,२९,४९,६७,२९६ असेल तर दोन भिन्न संख्या समान ठरतात. अपूर्णांकांच्या बाबतीत हीच आपत्ती अधिक नित्याची आहे : २.७ आणि २.२ यांतील अंतर इंटमध्ये येताच शून्य होते.

तिसरा प्रकार सर्वांत सूक्ष्म असून त्याचे उदाहरण मायएसक्यूएल या माहितीसंग्रह-प्रणालीत जून २०१२ मध्ये उघडकीस आले. तेथे पासवर्ड पडताळणारे फलन २० बाइटांच्या दोन मुद्रांची मेमकंपने तुलना करी आणि तिचे उत्तर जसेच्या तसे परत देई. शून्य म्हणजे प्रवेश. मात्र या फलनाचा परतीचा प्रकार सत्यासत्यदर्शक नावाचा, पण वस्तुतः ८ बिटांचा कॅर होता. मेमकंपचे उत्तर −२५५ ते २५५ यांत राहील तोवर ही छाट निरुपद्रवी होती. चिन्ह बदलले तरी शून्येतर मूल्याचे शून्य होत नव्हते. परंतु लिनक्सवरील जीलिबसीच्या एका वेगवान आवृत्तीतील मेमकंप त्या कक्षेबाहेरची मूल्येही देत असे, आणि २५६ च्या कोणत्याही पटीचे शेवटचे ८ बिट शून्यच असतात. प्रत्येक जोडणीस नवी यादृच्छिक संख्या वापरली जात असल्यामुळे चुकीचा पासवर्डही सुमारे २५६ पैकी एका प्रयत्नात स्वीकारला जाई. ३०० प्रयत्नांत प्रवेश मिळण्याची संभाव्यता ६९ टक्क्यांच्या आसपास जाते. आणि एवढ्या प्रयत्नांना काही क्षणच पुरत.

येथे दोषी कोण, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. मेमकंपने करार मोडला नव्हता; मोठे मूल्य देण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. पडताळणीचे फलन अन्य लायब्ररींवर बिनचूक चालत होते, म्हणून चाचण्यांनीही काही सांगितले नाही. कंपायलरने इंटचे कॅरमध्ये रूपांतर निमूटपणे केले. कारण भाषा त्यास अनुमती देते, आणि जीसीसीमध्ये त्याची सूचना देणारा 'डब्ल्यू-कन्व्हर्जन' हा पर्याय 'डब्ल्यू-ऑल'मध्ये अंतर्भूत नाही. खरी उणीव नाव आणि वस्तू यांच्या विसंवादात होती. १९९९ च्या प्रमाणसंहितेतील बूल हा प्रकार तेथे असता, तर कोणतेही शून्येतर मूल्य १ झाले असते आणि दोष उद्भवलाच नसता.

हाच वाद जानेवारी २०२४ मध्ये निराळ्या रूपात पुढे आला. क्वालिसच्या संशोधकांनी असे दाखविले की, वर वर्णिलेल्या पहिल्या प्रकारचे विसंगत तुलनाफलन दिल्यास आणि आवश्यक स्मृती उपलब्ध न झाल्यास जीलिबसीचे क्यूसॉर्ट मांडणीच्या सीमेबाहेरील स्मृतीवर लिहू शकते. विसंगत तुलना देणाऱ्याने करार मोडला, हे म्हणणे प्रमाणसंहितेच्या अक्षराला धरून आहे. तथापि ज्या कराराचा भंग एका वजाबाकीने, कोणताही इशारा न मिळता होतो, तो करार पाळण्याचा सारा भार एकाच पक्षावर टाकणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतोच.

उपाय अवघड नाही. (क > ख) − (क < ख) ही पदावली −१, ० आणि १ यांखेरीज काहीही देऊ शकत नाही. तीन अर्थांना तीनच मूल्ये मिळतात. केवळ समानता हवी असेल तेथे उत्तराची शून्याशी स्पष्ट तुलना करून मगच ते परत द्यावे. यासाठी मोजावी लागणारी किंमत बहुधा नगण्य असते. वजाबाकी अंतर सांगते, तुलना क्रम सांगते; मर्यादित संख्यांच्या जगात या दोन गोष्टी एक नव्हेत, हे अध्यापनात पहिल्या उदाहरणापासूनच स्पष्ट होणे अगत्याचे आहे.