ओंगळ द्रव्याची मैफल

‘फिल्दी लूकर’ ही शब्दजोडी मूळची इंग्रजी बायबलातली. सोळाव्या शतकात विल्यम टिंडल याने ती योजली आणि १६११ च्या भाषांतराने ती कायम ठेवली. तीताला लिहिलेल्या पत्रात बिशपाला ज्या लोभापासून दूर राहण्यास सांगितले आहे, ते हे ओंगळ द्रव्य. ‘सेक्स पिस्टल्स’ या लंडनच्या पंक वाद्यवृंदाने १९९६ साली पुन्हा एकत्र येऊन काढलेल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘फिल्दी लूकर लाइव्ह’ असे ठेवले. गायक जॉन लायडन हा आयरिश कॅथलिक आईबापांचा मुलगा. शिक्षणही कॅथलिक शाळेत झालेले. त्यामुळे या नावातला उपहास पुरता परका वाटत नाही.

पंक हे प्रस्थापित रॉक संगीताविरुद्धचे बंड होते. लांबलचक वादन नको, कसबाचा तोरा नको. तीन मिनिटांत संताप ओकायचा आणि थांबायचे. १९७७ साली या मंडळींची एकच स्टुडिओ-ध्वनिमुद्रिका निघाली (तिचे नाव या पानांवर छापण्याजोगे नाही) आणि जानेवारी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमानंतर वाद्यवृंद फुटला. पुढच्याच वर्षी सिड व्हिशस हेरॉइनच्या अतिसेवनाने वारला. वय अवघे २१. पुनर्मीलनाचा हा कार्यक्रम २३ जून १९९६ रोजी लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये, लायडनच्या बालपणीच्या परिसरात झाला.

याच्या शेजारी ‘द हू’ची ‘लाइव्ह ॲट लीड्स’ ठेवून ऐकावी. १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात ती मुद्रित झाली. ‘माय जनरेशन’ हे मुळात तीनएक मिनिटांचे गाणे तेथे पंधरा मिनिटांच्या घरात जाते. टाउनझेंडची गिटार वाट सोडते, मून आणि एंटविसल तिच्या मागे धावतात. पुढे काय येणार हे त्यांनाही पुरते ठाऊक नसावे असे वाटत राहते. आपल्याकडच्या चांगल्या मैफलीतही हीच धाकधूक असते.

‘फिल्दी लूकर’मध्ये ती नाही. वादन नेटके आहे, १९७७ पेक्षाही घट्ट. पण गाणी होती तशीच उभी राहतात. त्यांचा जीव विस्तारात नव्हताच, तो धोक्यात होता. ‘गॉड सेव्ह द क्वीन’ हे गाणे १९७७ मध्ये बी.बी.सी.ने वाजवण्यास नकार दिला होता. तेच गाणे तिकीट काढून आलेल्या गर्दीपुढे गायले की त्याची ऐतिहासिक वस्तू होते.

आम्ही पैशासाठी एकत्र आलो, असे त्यांनी आधीच जाहीर केले होते. या प्रांजळपणाचे अनेकांनी कौतुक केले. मला ते अर्धेच पटते. कबुलीजबाबाच्या जाळीआड बसलेला कोणताही धर्मगुरू सांगेल, की पाप मोठ्याने उच्चारणे हा विधीचा एक भाग झाला, पश्चात्ताप निराळा. येथे तर कबुलीच विक्रीला काढली आहे.

तरीही दोन गोष्टींसाठी ही मुद्रिका ऐकावी. पहिली, ग्लेन मॅटलॉकचा बास. बहुतेक गाण्यांच्या रचनेत सहभागी असलेला हा वादक १९७७ च्या आरंभीच बाहेर पडला होता. व्हिशसला बास जेमतेम वाजवता येई, म्हणून स्टुडिओत तो बव्हंशी गिटारवादक स्टीव्ह जोन्सने वाजवला. येथे त्या चालींना त्यांचा धनी परत मिळाला आहे. दुसरी गोष्ट, आरंभीचे ‘बॉडीज’. विषय गर्भपाताचा, भाषा अर्वाच्य. घरात मुलांसमोर लावू नये. पण हे प्रचारगीत नव्हे, कोणत्याच बाजूचे. चाळिशीतला लायडन ते गातो तेव्हा त्या आवाजात एक किळस आणि भय आहे, आणि ते पैशासाठी आणलेले वाटत नाही.