अभंग कोणाचा ?

श्रावणी सोमवारीं गंगापूर रोडनें सोमेश्वराकडे जातांना ध्वनिक्षेपकांवरून जीं भक्तिगीतें कानीं पडतात, त्यांतील कित्येकांच्या चाली सिनेमांतल्या असतात. सुशिक्षितांनीं त्यांवर नाक मुरडावें असा रिवाज आहे, व तो आम्हींही पुष्कळ वर्षें पाळला. पण त्या रिवाजामागची आमची भूमिका कितपत खरी होती, याचा विचार आज करावासा वाटतो.

'प्रभात'चा 'संत तुकाराम' १९३६ सालीं निघाला. दिग्दर्शक दामले व फत्तेलाल. तुकोबांच्या भूमिकेंत विष्णुपंत पागनीस. पुढील वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. त्यांतील बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टान्ताचें गीत शांताराम आठवले यांनीं रचलें. पण अनेकांनीं तें तुकोबांचाच अभंग मानलें. आमच्या मातोश्री त्यांपैकींच. सांजवात लावतांना त्या तें म्हणत. पदवी नुकतीच हातीं आली होती. आम्हीं गाथा काढली आणि हा अभंग तींत नाहीं, हें त्यांस दाखवून दिलें. "बरं," इतकेंच त्या म्हणाल्या. त्यानंतर तें गीत आमच्या घरांत ऐकूं आलें नाहीं.

आमचें म्हणणें खरें होतें, यांत शंका नाहीं. परंतु श्रद्धेचें खरेंपण कर्त्याच्या नांवावर ठरतें काय ? त्याच बोलपटांत चमत्कार पुष्कळ आहेत. ते आज कॅमेऱ्याच्या करामती म्हणूनच दिसतात. मनांत ठसते ती गौरीनें उभी केलेली जिजाई. पोर आजारी पडतांच ती देवळांत शिरून विठोबावर वहाण उगारते. जो समोर आहे अशी खात्री असते, त्याच्यावरच कोणी वहाण उगारतो. तुकोबांच्या समाधीइतकीच ही भक्ति अस्सल आहे.

आमच्या जिल्ह्यांतील त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्यें (१९१७) राम पडद्यावर येतांच प्रेक्षक पायांतलीं पादत्राणें काढीत, असें सांगतात. राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या साळुंके यांच्या होत्या. नमस्कारास त्याची अडचण झाली नाहीं. उलट, नाशिकच्याच कुसुमाग्रजांनीं 'गाभारा' या कवितेंत वैभवानें भरलेल्या देवळांतून देवच निघून गेल्याचें दाखविलें. आम्हांस ती जिजाईच्या वहाणेची सख्खी बहीण वाटते.

तेव्हां लोकप्रिय भक्तिगीताची परीक्षा आम्ही आतां वेगळी करतों. चाल उसनी असो, कवि पगारी असो. गाणाऱ्याला देवाशीं भांडण्यास, रडण्यास, गप्प बसण्यास त्यांत जागा आहे काय? जेथें नुसती स्तुति आणि झांजांचा गजर आहे, तेथें ती जागा नसते, व अशीं गीतें आजही फार आहेत. त्यांविषयींचें आमचें मत बदललेलें नाहीं.

मातोश्री आतां नाहींत. गेल्या आषाढींत रेडिओवर तें बीजाचें गीत लागलें. आमच्या चिरंजीवांनीं विचारलें, "हा तुकारामांचाच अभंग ना ?" आम्हीं गाणें संपेपर्यंत थांबलों, मग आठवल्यांचें नांव सांगितलें, आणि आजी तें कसें म्हणत असे, हेंही सांगितलें.