‘जोखीम’ कोणाची? : एका संज्ञेचे परीक्षण

उद्योगसंस्था व मानवी हक्क यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने जून २०११ मध्ये स्वीकारली. जॉन रगी यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या या ३१ तत्त्वांचा परामर्श बहुधा कायदा व व्यवस्थापन या अंगांनी घेतला जातो. त्यांची भाषाही परीक्षणास तितकीच पात्र आहे. या विवेचनाचा बराचसा भार ‘जोखीम’ या संज्ञेवर पडतो, आणि ही संज्ञा षष्ठीची अपेक्षा ठेवते. जोखीम कोणाची तरी असावी लागते.

व्यवस्थापनशास्त्रात ही षष्ठी गृहीत असते : जोखीम संस्थेची, तिच्या भांडवलाची, तिच्या नावलौकिकाची. १७ व्या तत्त्वावरील भाष्य हेच गृहीत नाकारते. मानवी हक्कांविषयीची दक्षता संस्थेच्या जोखीम-व्यवस्थापनात अंतर्भूत करण्यास त्याची हरकत नाही. मात्र हक्कधारकांना असलेला धोकाही तीत आला पाहिजे, अशी अट आहे. अट उचित आहे. परंतु दोन्ही अर्थांना एकच संज्ञा योजिल्यामुळे व्यवहारात बलवत्तर अर्थ दुसऱ्यास झाकून टाकतो.

ढाक्याजवळील राणा प्लाझा हे याचे दारुण उदाहरण होय. २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीला तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यांवरील बँक व दुकाने बंद झाली. शिवणकामगारांना मात्र कारखानदारांनी दुसऱ्या दिवशी कामावर आणले. इमारत कोसळून १,१३४ माणसे मृत्यू पावली. तेथील काही कारखान्यांची तपासणी पूर्वी झालेली होती. तिने खरेदीदारांना निर्धास्त केले, कामगारांना सुरक्षित केले नाही.

१८ वे तत्त्व बाधितांशी अर्थपूर्ण विचारविनिमय करण्यास सांगते. तथापि ज्याचे मत घेतले जाते तो निर्णयाचा कर्ता ठरतोच असे नाही. मे २०१३ च्या बांगलादेश करारात कामगार संघटना स्वतः पक्षकार झाल्या. करार बंधनकारक ठरला, तपासणीचे अहवाल प्रसिद्ध होऊ लागले, आणि धोकादायक काम नाकारण्याचा कामगाराचा अधिकार मान्य झाला. कामगार येथे प्रथमेत आला. पण तो दुर्घटनेनंतर.

मराठीत विश्वासाने सोपविलेल्या मौल्यवान ऐवजालाही ‘जोखीम’ म्हणत आले आहेत. तो सांभाळणाऱ्याचा असतो तो केवळ भार. मालकी दुसऱ्याची असते. तत्त्वांच्या भाषेत जो भेद पुसट राहिला, तो या अर्थात स्पष्ट आहे.