गोल्फ क्लबांतील पुरुषमात्र सभासदत्व : परंपरेच्या प्रमाणाचें परीक्षण

एखादी रूढि टिकवावयाची असली म्हणजे 'ती जुनी आहे' एवढें सांगून थांबण्याचा प्रघात सर्व देशांत आढळतो. स्कॉटलंड, आयर्लंड व अमेरिका येथील कांहीं नामांकित गोल्फ क्लबांनीं स्त्रियांस सभासद करून न घेण्याच्या बाबतींत दीर्घकाळ हीच वाट धरली. खेळ पुरुषांचा, मंडळ्या पुरुषांनीं स्थापिलेल्या, तेव्हां सभासदत्वही पुरुषांचेंच, असा हा पूर्वपक्ष आहे. ज्या क्लबांचीं नांवें पुढें येतील त्यांनीं आतां आपले दरवाजे उघडले आहेत. परंतु वाद थंडावला म्हणजेच पुराव्याची छाननी शांतपणें करितां येते. शिवाय हा पक्ष इतिहासाच्या नांवानें मांडला गेला असल्यामुळें त्याची तपासणी या पृष्ठांत अप्रस्तुत ठरणार नाहीं.

पूर्वपक्षाचा जेवढा भाग खरा तेवढा आरंभींच मान्य करूं. एडिंबरोच्या गोल्फपटूंनीं इ. स. १७४४ मध्यें लीथ येथें तेरा नियम लिहून काढले; तीच मंडळी पुढें 'ऑनरेबल कंपनी' या नांवानें १८९१ पासून म्यूरफील्ड येथें नांदूं लागली. सेंट अँड्र्यूज येथें १७५४ मध्यें बावीस सरदार व गृहस्थ यांनीं मंडळी काढली. तीस १८३४ मध्यें चौथ्या विल्यम राजाच्या कृपेनें 'रॉयल अँड एन्शंट' हें नांव लाभलें. संस्थापक पुरुष होते, यांत शंका नाहीं. पण संस्थापक पुरुष होते म्हणून खेळ पुरुषांचा होता, हें अनुमान सदोष आहे. मंडळीचें दप्तर मंडळींत असलेल्यांची नोंद ठेवितें. बाहेर कोण खेळत होतें हें तें सहसा सांगत नाहीं. दप्तरांतील मौन हा अभावाचा पुरावा नव्हे.

आतां बाहेरचे कागद पाहूं. स्कॉटलंडची राणी मेरी हिच्यावर तिच्या शत्रूंनीं १५६८ सालीं जें आरोपपत्र रचिलें, त्यांत पतीच्या खुनानंतर थोड्याच दिवसांत ती गोल्फ खेळली असें एक कलम आहे. शत्रूंचें लिखाण म्हणून ती खरोखर खेळली असें यावरून ठाम म्हणतां येत नाहीं. तथापि आरोपाचा रोख कशावर आहे तें पाहावें. दोष सुतकांत खेळण्याचा आहे, स्त्री असून खेळण्याचा नाहीं. वैरी जो दोष सहज लावूं शकले असते तो त्यांनीं लाविला नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

याहून बळकट पुरावा मसलबरो येथील आहे, आणि तो खुद्द पुरुषांच्या क्लबाच्या दप्तरांतला आहे. तेथील क्लबानें १८१० च्या डिसेंबरांत ठराव केला कीं, पुढील जानेवारींत होणाऱ्या वार्षिक प्रसंगीं गांवच्या कोळणींपैकीं जी उत्तम खेळेल तिला मासळी वाहण्याची नवी टोपली व बार्सिलोनाचे दोन रेशमी रुमाल बक्षीस द्यावे. बक्षीस ठेविलें, त्या अर्थीं खेळणाऱ्या होत्या. आणि त्या कोणी उमराव घराण्यांतील नव्हत्या, डोक्यावर ओझें वाहणाऱ्या श्रमजीवी बायका होत्या. सेंट अँड्र्यूज येथें १८६७ मध्यें स्त्रियांनीं स्वतःचा क्लब काढला, आणि १८९३ मध्यें 'लेडीज गोल्फ युनियन' स्थापन होऊन त्याच सालीं स्त्रियांची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती लेडी मार्गारेट स्कॉट यांनीं जिंकली.

मग स्त्रियांचा खेळ दुय्यम ठरला कसा? याचें उत्तर त्या काळच्या एका ग्रंथांतच सांपडतें. बॅडमिंटन ग्रंथमालेंतील गोल्फवरील ग्रंथांत (१८९०) लॉर्ड वेलवुड यांनीं स्त्रियांचा फटका सत्तर-ऐशीं यार्डांपुरता असावा अशी सूचना केली; आणि कारण शक्तीचें नव्हे, तर त्याहून लांब फटक्यास काठी खांद्याच्या वर न्यावी लागते हें दिलें. म्हणजे मर्यादा शरीराची नव्हती, शिष्टाचाराची होती. ज्यास पुढें अनादि परंपरा म्हटलें गेलें, त्याचा बराच अंश व्हिक्टोरियन काळच्या संकोचाचा आहे. अमेरिकेंतील ऑगस्टा नॅशनल क्लब तर १९३३ सालीं उघडला. तेथें १९३१ च्या पूर्वीची कसलीच परंपरा असूं शकत नाहीं, तरी पहिल्या दोन स्त्रिया सभासद झाल्या त्या २०१२ सालीं.

परंपरेचा आधार ढिला पडला म्हणजे कायद्याच्या शब्दांचा आश्रय घेतला जातो. याचें बोधप्रद उदाहरण डब्लिनजवळील पोर्टमार्नक क्लबाचें आहे. हा क्लब १८९४ चा. सभासद केवळ पुरुष, पण पाहुण्या म्हणून स्त्रियांस खेळण्यास मज्जाव नव्हता, आणि १९३१ मध्यें स्त्रियांची ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धाही तेथेंच झाली. आयर्लंडच्या २००० सालच्या समान दर्जाच्या कायद्यानें भेदभाव करणाऱ्या क्लबांस प्रतिबंध केला. मात्र ज्या क्लबाचा मुख्य हेतु एकाच लिंगाच्या व्यक्तींच्या गरजा भागविणें हा असेल त्यास सूट दिली. कनिष्ठ न्यायालयानें २००४ मध्यें क्लबाविरुद्ध निर्णय दिला. वरिष्ठ न्यायालयानें २००५ मध्यें तो फिरविला, आणि सर्वोच्च न्यायालयानें २००९ मध्यें तीन विरुद्ध दोन अशा मतांनीं क्लबाचीच बाजू उचलून धरली.

न्यायाधीशांच्या विद्वत्तेविषयीं पूर्ण आदर ठेवूनही आम्हांस अल्पमत अधिक ग्राह्य वाटतें. वाक्यार्थाचा एक जुना दंडक असा कीं, अपवादाचा अर्थ उत्सर्गाचा घास घेईल असा करूं नये. 'गरजा' या शब्दास येथें कांहीं अर्थ असावयाचा तर त्या गरजेचा लिंगाशीं संबंध दाखविला पाहिजे. आणि चेंडू खळगींत घालणें ही कांहीं पुरुषाची विशेष गरज नव्हे. 'आमचा हेतु पुरुषांचें गोल्फ' एवढ्यानें सूट मिळत असेल, तर वगळणें हेंच वगळण्याचें समर्थन होऊन बसतें. मिश्र क्लबांपुरता उत्सर्ग शिल्लक राहतोच, असें उत्तर यावर देतां येईल. तें खरें, पण त्याचा परिणाम असा कीं, स्त्रियांस अर्धा हक्क देणारा दोषी व मुळींच न देणारा निर्दोष. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यांतही हीच विसंगति आहे. शेवटीं पोर्टमार्नकनें स्त्रियांस प्रवेश दिला तो न्यायालयाच्या आज्ञेनें नव्हे, सभासदांच्या मतानें, २०२१ मध्यें.

एका आक्षेपाचा मात्र प्रामाणिक विचार केला पाहिजे. स्त्रियांचेही स्वतंत्र क्लब आहेत. फॉर्म्बी येथील क्लब १८९६ पासून चालू आहे. समानशीलांनीं एकत्र बसावें यांत दोष काय? आमच्या मतें, केवळ एकत्र बसण्यांत दोष नाहीं. दोष आहे तो खाजगीपणाच्या आड सार्वजनिक अधिकार भोगण्यांत. सेंट अँड्र्यूजच्या क्लबानें दीर्घकाळ जगाच्या मोठ्या भागासाठीं खेळाचे नियम केले; तें काम २००४ मध्यें निराळ्या संस्थेकडे गेलें, तरी क्लबाचें वजन राहिलेंच. त्या क्लबानें स्त्रियांस प्रवेश देण्याचा ठराव १८ सप्टेंबर २०१४ रोजीं शेंकडा पंचाऐशीं मतांनीं केला. म्यूरफील्ड येथें मे २०१६ मध्यें ३९७ मतें अनुकूल व २१९ प्रतिकूल पडलीं. दोनतृतीयांश न भरल्यानें ठराव फसला, आणि ओपन स्पर्धेच्या स्थळांतून तें मैदान वगळण्यांत आलें. मार्च २०१७ मध्यें ४९८ विरुद्ध १२३ मतांनीं ठराव संमत झाला, व २०२२ मध्यें स्त्रियांची ओपन स्पर्धा तेथें भरली. पहिल्या मतदानांतही बहुमत प्रवेशाच्याच बाजूचें होतें, हें विसरूं नये. ज्यास सर्वांची परंपरा म्हणत होते, ती त्या दिवशीं एकतृतीयांशाहून थोड्या अधिक सभासदांची इच्छा होती.

तात्पर्य, परंपरा हें प्रमाण आहे, पण तें तपासून घ्यावयाचें प्रमाण आहे. ती केव्हां सुरू झाली, कोणी लिहून ठेविली व लिहितांना कोणास वगळलें, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून तिचा दाखला स्वीकारूं नये. मसलबरोच्या कोळणींचीं नांवें त्या ठरावांत नाहींत; टोपली व रुमाल मात्र आहेत. संशोधकास तेवढा धागा पुरे आहे.